पहिला अंक स्वस्तात, शंभरावा कुठे?

मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळताना एकदा मला सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा दिसला. इंग्लंडमधलं दुसऱ्या महायुद्धावरचं कुठलंसं जुनं साप्ताहिक होतं. वरच्या अंकावर रणगाडा, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. घरी आणून अंक क्रमानं लावले तर पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, सहावा आणि मग एकदम एकोणिसावा. पहिल्याच्या दोन प्रती. म्हटलं, मूळ मालक फार धांदरट असणार.

पण मालक धांदरट नव्हता. या जातीचे गठ्ठे कुठेही असेच सापडतात. सुरुवातीचे अंक पैशाला पासरी आणि पुढचे औषधाला नाहीत. एका अख्ख्या धंद्याचं गणित त्या सुतळीत बांधलेलं होतं, आणि ते समजलं की २०२२ मध्ये लंडनच्या ईगलमॉस या प्रकाशन संस्थेनं गाशा गुंडाळल्यावर हजारो मोठी माणसं अर्धवट मोटार नि अर्धवट अंतराळयान मांडीवर घेऊन का बसली, तेही समजतं.

हा प्रकार नेमका काय आहे?

इंग्लंडमध्ये याला ‘पार्टवर्क’ म्हणतात. आधीपासून शेवट ठरलेली आणि दर आठवड्याला, पंधरवड्याला किंवा महिन्याला एकेक भागानं निघणारी मालिका म्हणजे पार्टवर्क. साध्या मासिकाला शेवट नसतो, ते चालेल तितकं चालतं. ही मालिका मात्र साठ, शंभर, दीडशे अंकांत संपते, आणि संपली की तुमच्या हाती एक पूर्ण वस्तू येते. ती ज्ञानकोश असेल, विणकामाचा ग्रंथ असेल, नाहीतर हातभर लांबीची धातूची मोटार.

भांड्यांची भिशी चालवणाऱ्या बायकांना हे लगेच कळेल. पण भिशीत निदान नंबर लागला की अख्खं भांडं घरी येतं. इथे पहिल्या महिन्यात कुकरचं हँडल येतं, तिसऱ्यात रिंग, विसाव्यात तळ आणि शिट्टी शंभराव्या अंकात. शिट्टी येईपर्यंत डाळ शिजत नाही.

पोटभेद तीन आहेत. एकात नुसतं वाचन असतं. दुसऱ्यात प्रत्येक अंकाबरोबर एक स्वतंत्र, पूर्ण वस्तू येते, एखादी मूर्ती किंवा छोटं विमान. तिसऱ्यात सगळे सुटे भाग जोडून शेवटी एकच मोठी वस्तू उभी राहते. मधेच मालिका बंद पडली तर पहिल्या दोन प्रकारांत निदान काहीतरी हातात उरतं. तिसऱ्यात उरतो तो सांगाडा.

ही युक्ती कुणाच्या डोक्यातून निघाली?

खेळणी विकणाऱ्यांच्या तर नक्कीच नाही. पुस्तक हप्त्यांनी विकायची रीत इंग्लंडमध्ये तीनशे वर्षांहून जुनी आहे, आणि कारण सरळ आहे : पुस्तक महाग, खिसा हलका.

सॅम्युएल जॉन्सनचा प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश १७५५ मध्ये निघाला तेव्हा त्याची किंमत होती साडेचार पौंड. सामान्य कारकुनाच्या आवाक्याबाहेरची गोष्ट. प्रकाशकांनी काही आठवड्यांतच दुसरी आवृत्ती काढली ती १६५ साप्ताहिक भागांत, भाग सहा पेन्सला. तेव्हाच्या पौंडात २० शिलिंग किंवा २४० पेन्स असत, म्हणजे सगळे भाग घेतले तर चार पौंड अडीच शिलिंग. मूळ किमतीहून थोडं कमीच! हप्त्यानं घेतलेली वस्तू एकरकमीपेक्षा स्वस्त पडल्याचं हे उदाहरण लक्षात ठेवा, कारण पुढे असं क्वचितच दिसतं.

एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचा जन्मही असाच झाला. एडिंबरामध्ये डिसेंबर १७६८ पासून १७७१ पर्यंत शंभर भाग निघाले आणि त्यांचे तीन खंड बांधले गेले. त्यातली गंमत अशी की पहिल्या खंडात फक्त ए आणि बी ही दोन अक्षरं आहेत. दुसऱ्यात सी ते एल. तिसऱ्यात एम ते झेड, म्हणजे अर्धी वर्णमाला कोंबलेली. आपल्या शाळेत जूनमध्ये पहिला धडा महिनाभर चालायचा आणि फेब्रुवारीत शेवटचे पाच धडे आठवड्यात उरकायचे, तसंच हे. हप्त्यांनी काम सुरू करणाऱ्याचा हात आधी सैल सुटतो आणि मग शेवट अंगावर येतो.

चार्ल्स डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ ही कादंबरी १८३६–३७ मध्ये महिन्याला एक शिलिंग अशी निघाली. आधी बेत होता चित्रांचा, मजकूर आपला जोडीला. चित्रकार रॉबर्ट सीमूरनं पहिल्या अंकानंतर आत्महत्या केली आणि मालिका जवळपास बुडालीच. सुरुवातीच्या एका भागाच्या चारशेच्या आसपास प्रती बांधल्या होत्या. मग चौथ्या भागात सॅम वेलर हा हजरजबाबी नोकर आला आणि शेवटी खप चाळीस हजारांवर गेला. इथे खप अंकागणिक वाढत गेला. गोष्टीत जीव असेल तर नवा वाचक मधूनही शिरतो आणि मागचे अंक शोधत बसतो. ज्ञानकोशाच्या किंवा मोटारीच्या बाबतीत नेमकं उलटं होतं.

मग ज्ञानकोशाकडून खेळण्याकडे कसे आलो?

मधला टप्पा छापखान्यांचा आहे. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये रंगीत छपाई स्वस्त झाली. मोठमोठी यंत्रं बसली, आणि अशी यंत्रं रिकामी उभी राहणं कुणालाच परवडत नाही. पर्नेल हे नाव जुन्या पुस्तकांच्या कपाटात कधीतरी दिसलं असेल. ती मुळात सॉमरसेटमधल्या पॉल्टन गावची छापखानेवाली मंडळी. त्यांची दुसऱ्या महायुद्धावरची साप्ताहिक मालिका १९६६ मध्ये सुरू झाली, प्रमुख संपादक होते युद्धशास्त्राचे नामांकित अभ्यासक बेसिल लिडेल हार्ट. म्हणजे माल फुटकळ नव्हता. छापखान्याच्या बाजूनं पाहा : अशी मालिका म्हणजे दोन-अडीच वर्षं दर आठवड्याला ठरलेलं काम. खानावळवाल्याला महिन्याची मेंबरं मिळावीत तसं.

१९६८ मध्ये लंडनमध्ये नॉर्मन मार्शल आणि पॅट्रिक कॅव्हेंडिश या दोघांनी मार्शल कॅव्हेंडिश ही प्रकाशन कंपनी काढली. विणकाम, यंत्रं कशी चालतात, थोर चित्रकार, गाजलेले खून, कशावर म्हणून त्यांनी मालिका काढली नाही? १९८४ मध्ये घरगुती संगणक घरोघरी शिरू लागले तेव्हा यांनी ‘इनपुट’ नावाचं ५२ अंकांचं साप्ताहिक काढून लोकांना प्रोग्रॅम लिहायला शिकवलं. जिथे लोकांना कुतूहल आहे पण शिक्षक नाही, ती फट शोधायची आणि तिथे बाइंडर विकायचा, असा एकूण खाक्या. बाइंडर म्हणजे अंक अडकवून ठेवायचं जाड पुठ्ठ्याचं आवरण. वरवर साधी वस्तू, पण कपाटात एक भरलेला आणि शेजारी एक रिकामा बाइंडर उभा असला की रिकामा रोज टोचत राहतो.

१९८० मध्ये सिंगापूरच्या टाइम्स पब्लिशिंगनं ही कंपनी घेतली आणि तिची वाट हळूहळू बदलली. आज मार्शल कॅव्हेंडिश हे नाव जगभरच्या शिक्षकांना माहीत आहे ते सिंगापूर पद्धतीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकांमुळे. अमेरिकेतली तिची साडेचारशेहून अधिक बालपुस्तकं २०११ मध्ये अॅमेझॉननं विकत घेतली. मला हा शहाणपणाचा मार्ग वाटतो : ज्ञान विकायचंच तर जिथे दर जूनला नवं गिऱ्हाईक आपसूक येतं तिथे विकावं.

ईगलमॉसनं दुसरी वाट धरली.

पहिला अंक इतका स्वस्त कसा परवडतो?

परवडत नाही. तोटा सोसून विकलेलं ते आमंत्रण असतं.

एक कल्पित हिशेब करू. शंभर अंकांची मालिका आहे. पहिला अंक २ पौंडांना, पुढचे ९९ अंक प्रत्येकी १० पौंडांना. पूर्ण वस्तूची किंमत झाली ९९२ पौंड. दुकानात ९९२ पौंडांची मोटार मांडली तर लोक काचेतून बघून पुढे जातील. २ पौंडांची चाकासकट अर्धी बोनेट मात्र माणूस दुधाच्या पिशवीबरोबर सहज उचलतो.

आता गळती. समजा पहिला अंक शंभर जणांनी घेतला. दुसरा घेतात चाळीस, पाचवा पंचवीस, आणि विसाव्यापर्यंत उरतात बारा. आकडे माझे आहेत, पण वळण असंच असतं : आधी धबधबा, मग संथ पाणी. प्रकाशकाला हे पुरतं ठाऊक असतं. म्हणून पहिला अंक तो भरमसाट छापतो, पुढचे जपून. माझ्या गठ्ठ्यात पहिल्याच्या दोन प्रती आणि एकोणिसावा एकटा का, याचं उत्तर हेच. उरलेले बारा सहसा शेवटपर्यंत जातात, कारण तोवर दोनशे पौंड गेलेले असतात आणि आता सोडलं तर ते वाया. सगळा नफा त्या बारा जणांच्या चिकाटीत आहे.

म्हणूनच सगळं राष्ट्रभर सोडण्याआधी एखाद्या लहान भागात मालिका विकून बघतात. दुसऱ्या-तिसऱ्या अंकाला किती टिकले यावर पुढचा निर्णय. आकडा वाईट आला तर मालिका तिथेच मरते, आणि त्या भागातल्या हौशी माणसांच्या घरी चार अंक तेवढे राहतात. ब्रिटनमध्ये या मालिकांच्या जाहिरातींचा पूर येतो तो जानेवारीत. नाताळ संपलेला, टीव्हीवरच्या जाहिरातींचे दर उतरलेले, आणि ‘यंदा काहीतरी छंद लावून घ्यायचाच’ हा संकल्प अजून ताजा असतो.

नुसतं खेळणं विकलं तर काय बिघडेल? मासिक कशाला?

ही शंका रास्त आहे. कित्येक जण अंक उघडतही नाहीत, पुठ्ठा फाडून भाग काढून घेतात.

पण मासिक म्हटलं की गल्लीतल्या पेपरवाल्याच्या दुकानाचं दार उघडतं. ब्रिटनमध्ये नियतकालिकं दुकानात पोचवायची जुनी, देशभर पसरलेली व्यवस्था आहे, आणि न खपलेला माल परत घ्यायचा रिवाज आहे. दुकानदाराला जोखीम नाही, म्हणून तो मांडतो. शिवाय अंकात एक कूपन असे : नाव लिहून दुकानदाराला द्या, तो दर वेळी तुमची प्रत बाजूला काढून ठेवील. खेळण्यांच्या दुकानात ही सोय कुठे? त्यातून छापील मजकुरावर तिथे व्हॅट शून्य आणि खेळण्यावर वीस टक्के, तेव्हा दोन्ही एका पाकिटात आले की हिशेबनिसाची करमणूक वेगळीच.

आणि मजकुराला कमी लेखू नका. चांगल्या मालिकांत तो जीव ओतून लिहिलेला असतो.

ईगलमॉसचं काय झालं?

कंपनी १९७५ ची. आधी इतरांसारखीच माहितीपर मालिका काढणारी, पण इंटरनेट आल्यावर माहिती फुकट झाली. बाग कशी लावायची हे शिकायला साठ आठवडे कोण थांबणार? तेव्हा अंक उरला निमित्तापुरता आणि वस्तू झाली मुख्य. २००५ पासून त्यांनी मार्व्हल या अमेरिकी कॉमिक्सवाल्यांच्या पात्रांच्या शिशाच्या, हातानं रंगवलेल्या छोट्या मूर्ती काढल्या. पहिला अर्थातच स्पायडरमॅन. मालिका २०० अंकांपर्यंत गेली. मागून डीसी या दुसऱ्या कॉमिक्सवाल्यांची पात्रं आली, ब्रिटिश टीव्ही मालिकेतला डॉक्टर हू आला.

कळस म्हणजे २०१३ पासूनची स्टार ट्रेक या टीव्ही-सिनेमातल्या अंतराळकथेच्या यानांची मालिका. बेन रॉबिन्सन हा तिचा कर्ताधर्ता. पडद्यावर जेमतेम दोन क्षण दिसलेल्या यानाचंसुद्धा तळहातावर मावेल असं मॉडेल, आणि सोबतच्या अंकात ते यान मुळात कुणी रेखाटलं, कुठली कल्पना रद्द झाली, त्याची चित्रांसकट हकीकत. दीडशेच्या वर अंक निघाले. ‘हिरो कलेक्टर’ या नावानं त्यांनी याच विषयावर जाडजूड पुस्तकंही काढली. चाहत्यांना मॉडेलइतकाच तो मजकूर प्रिय होता, हे विशेष.

त्याच सुमारास बांधणीच्या मोठ्या मालिका आल्या. ‘बॅक टू द फ्यूचर’ या सिनेमातली डेलोरियन मोटार मूळ आकाराच्या एक अष्टमांश, १३० अंकांत. मग स्टार ट्रेकमधलं एंटरप्राइझ-डी हे यान. इथे धोका वाढला. मूर्तीच्या मालिकेत प्रकाशक मधेच थांबला तर तुमच्या साठ मूर्ती साठच राहतात. मोटारीत तो थांबला तर मोटारच नाही.

या धंद्याचा खर्च सगळा आधी होतो. साचे पाडायचे, स्टुडिओला नाव वापरायचे पैसे द्यायचे, चीनमधल्या कारखान्यात माल बनवून जहाजानं आणायचा. पैसे येतात मागाहून, दहा-दहा पौंडांनी. कोविडनंतर कंटेनरचं भाडं आभाळाला भिडलं तेव्हा असल्या प्रत्येक कंपनीच्या नाकातोंडात पाणी गेलं. २०२२ च्या उन्हाळ्यात ईगलमॉसकडून पार्सलं येणं थांबलं, कर्मचाऱ्यांना नारळ मिळाला आणि कंपनी प्रशासकांच्या हाती गेली. प्रशासक म्हणजे बुडत्या कंपनीचा ताबा घेऊन जे विकता येईल ते विकणारा आणि घेणेकऱ्यांना वाटणारा अधिकृत माणूस.

लोकांचे पैसे परत मिळतात का?

कंपनीकडून? फारसे नाहीत. ब्रिटनमध्ये बुडालेल्या कंपनीच्या दारात रांग लागते ती ठरलेल्या क्रमानं. तारण घेऊन कर्ज देणारे पुढे, कामगारांची काही थकबाकी पुढे, डिसेंबर २०२० पासून काही करांसाठी सरकारही पुढे. आगाऊ पैसे भरलेला ग्राहक पार मागे. पंगतीत शेवटच्या ओळीला बसल्यासारखं, श्रीखंड तिथवर पोचत नाही.

क्रेडिट कार्डाचा एक आधार तिथे आहे. १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या ७५ व्या कलमानुसार विक्रेता बुडाला तर कार्ड देणारी बँकही जबाबदार धरता येते. पण वस्तूची किंमत शंभर पौंडांहून जास्त हवी. आता खुबी बघा. तुम्ही हजार पौंडांची मोटार घेत असता, पण कागदावर घेत असता दहा पौंडांचा अंक, पुन्हा दहा पौंडांचा अंक. एकेक खरेदी शंभराच्या आतली, म्हणून ते कलम सहसा उपयोगी पडत नाही. ज्या युक्तीमुळे वस्तू परवडली तिनंच संरक्षणही कापलं. उरतो तो बँकेकडून व्यवहार उलटवून घ्यायचा मार्ग, आणि तोही मुदतीच्या आत, न आलेल्या अंकांपुरता. आलेले सत्तर भाग ‘मिळाले’ म्हणूनच धरले जातात, भले त्यांची मोटार होत नसो.

म्हणजे ही सगळी फसवणूकच?

नाही. असं म्हणणं अन्यायाचं होईल. एकूण अंक किती आणि एकाची किंमत किती हे आता बहुतेक मालिका सांगतात, गुणाकार आपण करायचा असतो. तो माणूस करत नाही, कारण त्याला करायचा नसतो. शिवाय दर पंधरवड्याला टपालानं एक खोकं येणं, शनिवारी दुपारी टेबलावर वर्तमानपत्र पसरून चार स्क्रू बसवणं, यात जे सुख आहे ते एकरकमी आणलेल्या मोटारीत नाही. मालिकेचा रतीब लागतो. मला त्या बारा जणांची कधीच कीव येत नाही.

माझा आक्षेप निराळा आहे. गिऱ्हाईक मधेच सोडून जाईल याची प्रकाशकानं पहिल्या दिवसापासून तजवीज केलेली असते : छपाई कमी, किंमत जास्त, बाइंडर आधी. प्रकाशकच मधेच सोडून गेला तर काय, याची तजवीज गिऱ्हाइकाच्या बाजूनं कुणीच केलेली नसते. शेवटच्या तीस भागांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, निदान साचे दुसऱ्याला वापरता येतील असा करार करा, एवढं मागणं फार नाही.

अर्धवट राहिलेल्यांचं पुढे काय झालं?

काहींचं नशीब बरं निघालं. ईगलमॉसची उरलेली स्टार ट्रेकची यानं मास्टर रेप्लिकाज या कंपनीनं विक्रीला काढली. एंटरप्राइझ-डीची बांधणी पुढे फॅनहोमनं चालू केली. तो इटलीच्या डी अगोस्तिनीचा ब्रँड, आणि १९०१ सालची ती संस्था या धंद्यातली जुनी खोडं. बाकीचे एकमेकांना सुटे भाग विकतात. तिथला भाव ठरतो गळतीवरूनच : पहिले दहा भाग कुणी फुकट घ्या म्हणतं, आणि शेवटच्या अंकातल्या चिमूटभर तुकड्याला पूर्ण संचासारखी किंमत मागतात.

हे शिकायला मला इतकं वाचावं लागलं. फुटपाथवरच्या त्या माणसाला ते केव्हाच माहीत होतं. मी गठ्ठ्याचा भाव विचारला तर त्यानं सुतळी सैल करून एकोणिसावा अंक उपसला, माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, ‘‘हा नको असेल तर बाकीचे वीस रुपयांत घेऊन जा.’’